ड्युटी लिस्ट लावणाऱ्या मेट्रन मॅडमना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांतल्या सर्व अधिसेविका (मेट्रन), सहाय्यक अधिसेविका आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या परिसेविका

मॅडम, सप्रेम नमस्कार.

१२ मे, परिचारिका दिन, जवळ आला की आपल्याकडे तयारी सुरू होते. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार, मेणबत्त्या, शपथ, रांगोळी, केक. गेल्या काही वर्षांत त्यात एक भर पडली आहे: ‘स्वतःची काळजी घ्या’ या विषयावरचं व्याख्यान. कधी योगशिक्षक येतात, कधी समुपदेशक. सकाळची ड्युटी आटोपून आलेल्या, दुपारच्या ड्युटीवर निघालेल्या आणि नाईट उतरूनही थांबवून घेतलेल्या अशा सगळ्याजणी सभागृहात बसतात. रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा, सात तास झोपा, वेळेवर जेवा, भरपूर पाणी प्या, असं सांगितलं जातं. मागच्या रांगेत नाईटवाल्यांच्या माना पडलेल्या असतात. व्याख्यात्यांचं काही चुकत नाही. डिस्चार्ज देताना आपणही पेशंटला हेच सांगतो.

हे पत्र आरोग्यमंत्र्यांना किंवा सचिवांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. नर्सला स्वतःसाठी वेळ मिळतो की नाही, यात तिच्या निश्चयाचा वाटा फार थोडा असतो. तो वेळ ठरतो ड्युटी लिस्टवर, आणि लिस्ट तुमच्या टेबलावर तयार होते. पदभरती तुमच्या हातात नाही, हे मी जाणते. पण आहेत त्या माणसांचे तास कसे मांडायचे, हे बऱ्याच अंशी तुमच्याच हातात असतं. शिवाय तुम्ही स्वतः अशा लिस्टखाली अर्धं आयुष्य काढलं आहे. ‘ओव्हर’ म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवणं, हे मंत्रालयात आधी समजावून सांगावं लागेल. तुम्हाला ते सांगायला नको.

आधी हिशेब. वॉर्डात चोवीस तास फक्त एक सिस्टर उभी ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरायचे. एकीचे ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषांत ३० टक्के जादा माणसं ‘रजा राखीव’ म्हणून धरलेली आहेत. ती मिळवली की साडेचार होतात. म्हणजे कुठल्याही वेळी दोघी हव्या असतील तर लिस्टवर नऊ नावं पाहिजेत. त्याच निकषांत शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक परिचारिका सांगितली आहे. पदसंख्या ठरवणाऱ्या केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने तर तीन पाळ्यांत काम करणाऱ्या नर्सला महिन्याला आठ सुट्ट्या गृहीत धरून ४५ टक्के जादा पदं सुचवली होती. आपल्याकडचं चित्र काय आहे, ते तुम्ही रोज राउंडला बघता. चाळीस खाटांचा वॉर्ड, खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून झोपवलेले फ्लोअर पेशंट, आणि नाईटला एक सिस्टर, एक मावशी. मावशी रक्ताची पिशवी आणायला गेली की एकच सिस्टर.

हे प्रमाण म्हणजे नुसती आमची सोय-गैरसोय नव्हे, हे सांगायला आकडे आहेत. २००२ साली नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटमध्ये, नर्समागे एकेक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स कामाने खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. तिथे नर्समागे पेशंट चार की आठ असा वाद होता. आपल्याकडचे आकडे त्या तक्त्यात बसणारही नाहीत. तरी वैद्यकीय अधीक्षकांसमोर किंवा डीन साहेबांसमोर बसाल तेव्हा हा अभ्यास उपयोगी पडेल. ‘सिस्टर दमतात’ या वाक्याने फायली हलत नाहीत. ‘पेशंट दगावतात’ याने कधी कधी हलतात.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी.

सगळ्यात आधी इव्हिनिंगला लागून मॉर्निंग. दुपारची ड्युटी कागदावर आठला संपते. ओव्हर देऊन, इंजेक्शनच्या ट्रेचा हिशेब लावून, एखादी उशिरा आलेली अ‍ॅडमिशन घेऊन निघायला नऊ होतात. घर तालुक्याच्या गावी असेल तर एसटी, मग चालत. साडेदहा-अकराला जेवण. सकाळी आठला पुन्हा वॉर्डात उभं राहायचं तर डब्यांसाठी पाचला उठायचं. कागदावर मध्ये बारा तास दिसतात, डोळ्यांना मिळतात पाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली नर्सिंग कर्मचाऱ्यांसाठी जी शिफारस केली, तिच्यात दोन पाळ्यांमध्ये सलग किमान बारा तासांची विश्रांती आणि आठवड्यातून सलग किमान ३६ तासांची सुट्टी सांगितली आहे. ती शिफारसच आहे, आपल्यावर बंधन नाही. पण १९७७ साली जगाला जे कळलं होतं ते आपल्या लिस्टवर उमटायला अडचण कसली आहे? इव्हिनिंगनंतर इव्हिनिंग किंवा नाईट लावायला माणसं जास्त लागत नाहीत. क्रम बदलावा लागतो, इतकंच.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर तुम्ही हसाल. इव्हिनिंग-मॉर्निंग-नाईट अशी माळ आम्हीच मागून घेतो. गावाला जायचं असतं, मुलाची परीक्षा असते, नणंदेचं लग्न असतं. तीन ड्युट्या पावणेदोन दिवसांत उरकल्या की पुढे अडीच दिवस मोकळे मिळतात. एकमेकींत बदल करून, चिठ्ठ्या देऊन आम्ही ते जमवतो आणि तुम्ही डोळेझाक करता. म्हणून सरसकट बंदी नको. मागितलं तर द्या, पण लेखी मागितलं तरच, आणि महिन्यात एखाद्या वेळी. न मागता मात्र लावू नका. आणि एकदा स्वतःलाच विचारून बघा की या मुली अशी माळ का मागतात. सलग दोन दिवस सुट्टी सरळ मार्गाने मिळतच नसेल, तर ती अशी झोप विकूनच मिळवावी लागते.

दुसरी गोष्ट नाईटची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचं काम ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. घाबरवायला हे लिहीत नाही. नाईट बंद करता येत नाहीत, पेशंटला रात्री ताप यायचा थांबत नाही. पण ज्या कामाचं शरीराकडून एवढं मोल घेतलं जातं, त्याच्या भरपाईची सुट्टी तरी खरी असावी. आपल्याकडे नाईट ऑफ म्हणजे काय? सकाळी आठला सुटायचं, नऊला निघायचं, दहाला घरी. त्या दिवशी दिवसभर पडून राहायचं, आणि तो दिवस सुट्टीच्या रकान्यात. तो दिवस सुट्टीचा नसतो. तो नाईटचाच उरलेला भाग असतो. सुट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. लिस्टवर ‘एनओ’ (नाईट ऑफ) आणि ‘डीओ’ (डे ऑफ) हे दोन वेगळे दिवस लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी एकाच दिवसावर दोन्ही शिक्के मारले जातात. तुमच्या रुग्णालयात दुसरा प्रकार चालत असेल, तर या एका बदलाने जेवढं होईल तेवढं दहा व्याख्यानांनी होणार नाही.

नाईट करून आलेल्या बाईचा दिवस कसा जातो ते तुम्ही विसरला नसाल. घरच्यांच्या लेखी ती ‘आज घरीच आहे’. मग गॅसवाला तिने बघायचा, शाळेच्या रिक्षाला तिने थांबायचं, सासूबाईंची बीपीची गोळी तिने आणायची. डोळा लागला की बेल वाजते. नवरा समजूतदार असतो, पण तो कामावर असतो. शेजारच्या काकू म्हणतात, सिस्टर, जरा हा रिपोर्ट बघता का? चैत्रातलं हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर, दारावर येणारी प्रत्येक वर्गणी, सगळ्यांना ती दुपारी दोन वाजता घरी सापडते. यात तुम्ही काय करणार, असं म्हणाल. एक करता येईल. मेळाव्याला, स्नेहसंमेलनाला आमच्या घरच्यांना बोलावता, तेव्हा बक्षिसं देऊन झाल्यावर पाच मिनिटं त्यांच्याशी बोला. नाईटनंतरची झोप ही औषधाच्या डोससारखी वेळेवर आणि पूर्ण व्हावी लागते, हे सुनेने सांगितलं तर नखरा वाटतो. मेट्रनबाईंनी सांगितलं की सासूबाई शेजारणीलाही सांगतात.

खोलीला जाड पडदे, फोन दुसऱ्या खोलीत, पहाटे तीननंतर चहा नाही, घरी पोचल्यावर थोडंसं खाऊन लगेच आडवं व्हायचं, असे उपाय आम्हाला माहीत आहेत. ज्युनिअर मुलींना आम्ही ते सांगतोही. पण ते सगळे झोपायला मिळालेल्या तासांची प्रत सुधारतात. तासच नसतील तर पडदा कितीही जाड लावा.

नाईटच्याच बाबतीत आणखी एक, जे बोलायचं नसतं. पहाटे तीन ते चारच्या दरम्यान माणूस उभ्याउभ्या झोपतो. जिथे दोघी असतात तिथे त्या आपसात वीस-पंचवीस मिनिटं वाटून घेतात, एक जागी, एक टेबलावर डोकं टेकून. हे सगळीकडे चालतं आणि सगळीकडे चोरून चालतं, कारण ड्युटीवर झोपणं म्हणजे मेमो. नातेवाईकाने मोबाइलवर व्हिडिओ काढला तर बातमी. पेशंट धोक्यात नसताना, दुसरी सिस्टर जागी असताना घेतलेली ठरवून दिलेली विश्रांती ही पहाटेच्या इंजेक्शनच्या मात्रेची सुरक्षितता आहे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची मिलिलिटर मोजणारे डोळे वीस मिनिटं मिटलेले बरे, की अर्धवट उघडे? दोघी असतील तिथे पाळीपाळीने विश्रांती घ्यावी, कोण कधी ते नाईट रिपोर्टमध्ये लिहावं, असा एका ओळीचा आदेश तुम्ही वरिष्ठांच्या सहीने काढू शकता. चोरून जे अर्धवट होतं, ते उघडपणे नीट होईल. एकटीच असेल तिथे अर्थातच हे शक्य नाही, आणि एकटीला ठेवणं हाच खरा मेमो द्यायचा विषय आहे.

आता पाणी. सहा तास पाणी न पिणाऱ्या नर्स मी इतक्या बघितल्या आहेत की पिणारी दिसली तर लक्षात राहते. कारण सगळ्यांना माहीत आहे: पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडायचा? आणि जायचं कुठे? पेशंटच्या संडासाला कडी नसते, स्टाफच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावर. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, मग आपणच आपल्याला लिहून घेतलेली गोळी. पाळीच्या दिवसांत काय होतं ते वेगळं सांगत नाही. तुमच्या राउंडमध्ये चादरी, ट्रॉल्या, बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या-लाल पिशव्या तुम्ही बघता. त्यात स्टाफच्या संडासाची कडी, नळ आणि दिवा हे तीन रकाने घाला. यासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी लागत नाही.

कपडे बदलायच्या खोलीबद्दल मात्र मला गंभीरपणे बोलायचं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्युटी संपल्यावर तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढची जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला त्या जाईपर्यंत, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. आपल्या व्यवसायात अभिमानाने सांगावी अशी ती गोष्ट आहे आणि आपण ती सांगतो. तळघराचा भाग मात्र आपण घाईने ओलांडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टर मुलीचा खून झाला, तेव्हा ती लांबलेल्या ड्युटीत थोडं टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. सर्वोच्च न्यायालयानेही त्या वेळी विश्रांतीच्या खोल्यांच्या अभावावर बोट ठेवलं. अर्ध्या शतकाच्या अंतराने दोन घटना: एकीला कपडे बदलायला धड जागा नव्हती, दुसरीला पाठ टेकायला. आजही कितीतरी वॉर्डांत चेंजिंग रूम म्हणजे स्टोअरच्या कपाटामागचा कोपरा आणि वर टाकलेली चादर. स्वतःची काळजी हा शब्द उच्चारायच्या आधी आतून बंद होणारं एक दार लागतं, मॅडम.

सुट्टीच्या दिवशी बोलावणं हा पुढचा मुद्दा, आणि तो मी थोडक्यात सांगते कारण तो तुम्हाला पाठ आहे. डेड स्टॉक व्हेरिफिकेशन (वॉर्डातल्या सामानाची मोजदाद), इन्स्पेक्शनची तयारी, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारी प्रशिक्षणं, मीटिंग, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. ‘उद्या सर्वांनी सकाळी १० वाजता उपस्थित राहावे’ हा मेसेज रात्री दहाला येतो आणि खाली चाळीस हात जोडलेले दिसतात. त्यातले निम्मे हात ऑफवाल्यांचे असतात. ज्या प्रशिक्षणाची नोंदणीसाठी सक्ती आहे ते ड्युटीच्या तासांत घ्या. व्हेरिफिकेशनला आलेलीला त्याच आठवड्यात कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, द्या, ‘जमेल तेव्हा’ नको. आम्हा सगळ्यांच्या खात्यावर कधीच न मिळणारे किती कॉम्प ऑफ जमा आहेत, त्याची बेरीज करायला बसलं तर एखादीला वर्षभर घरी बसता येईल.

माझ्या ओळखीतल्या एका वॉर्डात घडलेली गोष्ट सांगते. तिथल्या इनचार्ज सिस्टरने लिस्ट लावायच्या आधी प्रत्येकीला एक प्रश्न विचारला: आठवड्यातली कुठली एक वेळ तुला पक्की हवी आहे? पूर्ण दिवस नाही, एक वेळ. एकीने गुरुवारची संध्याकाळ मागितली, तिला पेटी शिकायची होती. एकीने शनिवार सकाळ, मुलाची पोहण्याची शिकवणी. एका ब्रदरने रविवार दुपार मागितली, क्रिकेट. एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाली, मला काहीच करायचं नाही, मंगळवारी दुपारी नुसतं घरी कुणी नसताना बसायचं आहे. इनचार्जने आधी या वेळा पेन्सिलीने बंद केल्या आणि उरलेल्या चौकटींत लिस्ट बसवली. सगळ्या वेळा दर आठवड्याला पाळल्या गेल्या नाहीत. पण बहुतेक पाळल्या गेल्या, आणि माणसं तेवढीच होती. अचानक टाकल्या जाणाऱ्या रजा कमी झाल्या, असं ती इनचार्ज म्हणायची. मला वाटतं ते खरं असावं. ज्याला गुरुवार मिळणार हे माहीत आहे, तो सोमवारी खोटा ताप आणत नाही. आणि महिनाभर आधी माहीत असलेले दोन तास, अचानक मिळालेल्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त उपयोगी पडतात. अचानक मिळालेला दिवस धुण्याभांड्यांत आणि राहिलेल्या झोपेत जातो. पेटीचा क्लास अचानक लावता येत नाही.

म्हणून लिस्ट महिन्याच्या आदल्या आठवड्यात लागू दे. एकतीस तारखेला रात्री लिस्टचा फोटो येणं बंद होऊ दे.

चाळिशीपुढच्या शासकीय कर्मचाऱ्यांना वैद्यकीय तपासणीचा खर्च मिळतो. किती सिस्टर ती तपासणी करून घेतात, ते आपल्या ऑफिसात विचारून पाहा. दिवसभर लोकांचं बीपी घेणाऱ्या बाईचं स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलं, तर बाळंतपणात. उपाशीपोटी रक्त द्यायचं तर नाईट करून उपाशी राहायचं, किंवा मॉर्निंगला वॉर्ड सोडून लॅबच्या रांगेत उभं राहायचं. लॅब आपल्याच इमारतीत, सिरिंज आपल्याच ट्रेमध्ये. वॉर्डनिहाय एकेक सकाळ ठरवून दिली तर वर्षात सगळ्यांची होईल. हिपॅटायटिस बीचे तीनही डोस कुणाचे पूर्ण आहेत हेही त्याच वेळी लिहून घ्या. सुई टोचलेल्या मुलीला ७२ तासांच्या आत एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात) पाठवायचं असतं. ‘ओव्हर झाला की जा’ असं सांगू नका, लगेच सोडा.

खासगी रुग्णालयांतल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमना दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. तिथे दोन पाळ्या, बारा-बारा तास, आणि मूळ प्रमाणपत्रं व्यवस्थापनाच्या कपाटात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी नर्सच्या पगाराचं सूत्र सांगितलं: २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सएवढा, १०० ते २०० खाटांना त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि छोट्या रुग्णालयांतही २०,००० रुपयांच्या खाली नाही. पगाराबद्दल सगळे बोलतात. त्याच शिफारशींत रजा, कामाचे तास, वैद्यकीय सोयी, येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय हीसुद्धा सरकारी नर्सच्या बरोबरीने द्यावी, असं आहे. ते फारसं कुणी वाचत नाही. पगार कमी म्हणून मुली ड्युटी सुटली की दुसरीकडे अर्धवेळ ड्युटी करतात, होम केअरला जातात. त्यांना ‘स्वतःसाठी वेळ काढा’ सांगणं ही थट्टा आहे. सरकारी रुग्णालयांतल्या कंत्राटी सिस्टरचीही तीच गत. तिला नाही म्हणता येत नाही, कारण अकरा महिन्यांनी पुन्हा ऑर्डर निघायची असते. म्हणून सगळ्या नको असलेल्या ड्युट्या तिच्या नावावर सरकतात. दिवाळीची लिस्ट काढून बघा.

आता तुमच्याबद्दल. ‘आमच्या वेळी आम्ही डबल ड्युट्या केल्या, तक्रार नाही केली’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. ते खरं आहे, आणि म्हणूनच त्रास होतो. नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलपासून आपल्याला शिकवलं जातं की वॉर्डात बसायचं नाही, सिनिअर आली की उठायचं, दमलो म्हणायचं नाही. त्यातली शिस्त मला मान्य आहे, तिच्यावर वॉर्ड चालतात. पण सोसणं हे कौशल्य म्हणून पुढच्या पिढीला शिकवायची गरज नाही. तुमच्यातल्या किती जणींचे गुडघे, पाठ, पायाच्या फुगलेल्या शिरा आम्ही बघतो. कितीजणींना राउंडच्या मधे खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. तुमचीही लिस्ट कुणीतरी लावतं, आणि तिच्यात सुट्टी नसते. रात्री दोन वाजता बेड मिळत नाही म्हणून पुढाऱ्याचा फोन येतो तो तुम्हाला. हे आम्हाला दिसत नाही असं समजू नका. तुम्ही स्वतःची रजा घेतलीत आणि त्या दिवशी फोन सहाय्यक मॅडमकडे दिलात, तर खाली चाळीसजणींना कळेल की असं करता येतं.

हार घालतो त्या नाइटिंगेलबाईंबद्दल एवढंच. क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर त्या स्वतः दीर्घकाळ आजारी होत्या आणि पुढचं बरंचसं काम त्यांनी अंथरुणावरून केलं. १८५९ साली परिचर्येवर लिहिताना त्यांनी एक अख्खं प्रकरण व्यवस्थेच्या बारीकसारीक गोष्टींना दिलं. तुम्ही हजर असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही होईल अशी तजवीज करता आली नाही, तर चांगल्या परिचर्येचं फळ हातचं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. हातात दिवा घेतलेली बाई आपण भिंतीवर लावली. रजा राखीवचा हिशेब करणारी बाई लावायची राहिली.

यंदाच्या १२ मे ला व्याख्यान ठेवणार असाल तर ठेवा. पण नाईटवाल्यांना घरी जाऊ द्या, त्यांची सही नंतर घेता येईल. केकचे पैसे वाचले तर स्टाफच्या संडासाला कडी आणि चेंजिंग रूमला आतला बोल्ट बसवा. जूनची लिस्ट मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला लावा, आणि लावायच्या आधी एकेकीला ती एक पक्की वेळ विचारा.

राहिली रजा राखीव पदं. तो प्रस्ताव तुम्हीच वर पाठवू शकता, आम्ही पाठवला तर तो संघटनेचा अर्ज होतो आणि वेगळ्या फायलीत जातो. प्रत्येक वॉर्डच्या मागच्या सहा महिन्यांच्या लिस्ट, न मिळालेले कॉम्प ऑफ, एकटीने काढलेल्या नाईट आणि त्या रात्रींची पेशंटसंख्या हे सगळं रजिस्टरमध्ये आहे. ते काढून तक्ता करायला वेळ नाही, असं म्हणालात तर मी समजू शकते. तो तक्ता आम्ही करून देऊ. प्रत्येक वॉर्डातून एक नाव सांगा.

आपली,
एका जिल्हा रुग्णालयातली अधिपरिचारिका